साक्षीचं पागोटं

भूतोलने चिंचखोरी तलावाखालचा खडक पंचेचाळीस सेंटिमीटर वर उचलून ठेवला होता, आणि तसं करायला त्याला मीच शिकवलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. त्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

भूतोल म्हणजे मातीकामाचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर. खोदाई कुठे आणि किती, उतार कसा ठेवायचा, निघालेली माती कुठे टाकायची, भरावाला कुठली चालेल, हे सगळं ते नकाशावर मांडतं आणि तोच नकाशा थेट चालकविरहित पोकलेनमध्ये जातो. जुनी सॉफ्टवेअरही एवढं करायची, पण त्यांना जमिनीची फक्त कातडी दिसायची. भूतोलला आतलं दिसतं. त्याच्या ड्रोनमध्ये तांब्याएवढी एक निर्वात कुपी असते. तिच्यात लेझरने जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केलेले अणू सोडायचे आणि ते किती वेगाने पडतात ते मोजायचं. खाली घट्ट खडक असेल तर ते किंचित जास्त ओढले जातात, भुसभुशीत माती असेल तर किंचित कमी. किंचित म्हणजे अब्जांशात. ड्रोन दोन दिवस पाच-पाच मीटरच्या पट्ट्यांनी फिरला की जमिनीखालच्या खडकाचे चढउतार पडद्यावर उमटतात. मी भूभौतिकीत एमएस्सी करून या कंपनीत लागले आणि ते चित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या चित्रात एक उणीव असते. खडक कुठे उंच, कुठे खोल हे कळतं. पण तो सगळा मिळून नेमका किती खोलीवर आहे, हे नुसत्या ओढीवरून ठरत नाही. तोंड शिवलेलं पोतं तोललं तर वजन कळतं. दगड तळाशी आहेत की मधल्या थरात, ते वजन सांगत नाही. म्हणून भूतोलला काही आधारबिंदू द्यावे लागतात, म्हणजे जिथली खोली माणसाने प्रत्यक्ष पाहिली आहे अशा जागा. मग ते सगळं चित्र त्या बिंदूंना टांगतं.

चिंचखोरीत एकवीस वर्षांपूर्वी तलाव झाला, त्याआधी खडकापर्यंत सात चाचणी खड्डे घेतले होते. कागद सापडले. पहिल्या खड्ड्याची नोंद अशी: मूळ भूपातळीपासून ७.८० मीटरवर कठीण खडक. पण मूळ भूपातळी कुठे होती? तेव्हाची खूण म्हसोबाच्या ओट्याच्या पायरीवर होती. रस्ता रुंद झाला, पायरी गेली. त्या काळच्या उपग्रहांनी मोजलेली उंची दोन-तीन मीटर इकडची तिकडे. आणि तिथली मूळ जमीन तर खणून बांधावर गेलेली.

उत्तर मी शोधलं. ते कोरड्या तलावात उभं होतं. हाताने खोदाई करताना आमचे लोक खड्ड्यात मधेमधे मातीचा एकेक खांब न खोदता ठेवतात. त्याच्या माथ्यावर जुनं गवत तसंच असतं. काम झालं की साहेब येतो, माथ्यापासून तळापर्यंत टेप सोडतो, आणि किती खोदलं, मजुरी किती द्यायची ते ठरतं. या खांबाला साक्ष म्हणतात. चिंचखोरीत अशा अकरा साक्षी उरल्या होत्या. बाजू ढासळून शंकूसारख्या झालेल्या, पण माथे गवताने घट्ट धरलेले. मी अकराही माथ्यांची उंची घेतली आणि मूळ भूपातळी म्हणून भूतोलला दिली. त्यांच्यात आपसात दोन सेंटिमीटरच्या वर फरक नव्हता. विश्वासार्हता आली अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा टक्के. पंच्याण्णवच्या वर गेली की नव्याने चाचणी खड्डे घ्यावे लागत नाहीत, असा नवा नियम आहे. खोदलेल्या चरीचा तळ बघायला भूवैज्ञानिकाने खाली उतरायचीही गरज नाही.

त्या जुन्या कामावर मुकादम होते तिमाप्पा विटकर. माझे वडील. एवढ्या अभिमानाने मी कुठलाच डेटा आजवर भरला नव्हता.

आता काय चाललं होतं तेही सांगते. जुना बांध चार मीटरने उंच करायचा होता. त्यासाठी बांधाच्या पायथ्याशी खडकापर्यंत चर खणायची आणि ती चिकण मातीने ठासून भरायची. माती खडकाला भिडली तर पाणी अडतं. मधे फट राहिली तर पाणी बांधाखालून वाट काढतं, जाताना एकेक कण घेऊन जातं, आणि एखाद्या भरल्या वर्षी बांध बसतो. बांधाच्या खालच्या अंगाला आमची वडारवस्ती आहे. तीनशे बारा घरं. त्यातलं एक आमचं.

*

सोमवारी कंपनीने चौथ्या साक्षीजवळ फलक लावला. 'या साक्षींनी मूळ भूपातळी जपली. मुकादम तिमाप्पा विटकर व सहकारी.' आप्पांना गुलाबी फेटा बांधला. आयुष्यभरात त्यांनी सात तलाव, दोन कालवे आणि कितीतरी रस्ते खोदले. त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मल्लव्वा आत्या माझ्या शेजारी उभी होती. पासष्ट वर्षांची, आप्पांच्या टोळीतली, जिभेला हाड नसलेली. ती पदर तोंडावर धरून हसत होती.

"काय झालं गं आत्या?"

"काय न्हाई. फेटा बघतीया."

"शोभतोय की आप्पांना."

"त्याचा न्हाई गं बया. हिचा." तिने साक्षीकडे हनुवटी केली. "एकवीस वर्सं झाली, पागोटं सुटलं न्हाई अजून. काय काम होतं आमचं!"

मीही हसले. टाळ्याही वाजवल्या. मग दोन पावलं पुढे गेले आणि थांबले.

मी सहा वर्षांची होते. रोज ऊन उतरलं की आप्पा माझ्या हातात तांब्या द्यायचे. "भागे, साक्षीवरच्या गवताला पाणी घाल. तहानलंय ते." मला वाटायचं, आप्पा गवतावर माया करतात.

मी आत्याला बाजूला घेतलं. "पागोटं म्हणजे काय?"

"आता शिकलेल्या पोरीला काय सांगू? साक्षीच्या डोक्यावर ओली माती चोपायची. धुम्मसानं ठोकायची. वर दुसरीकडचं गवत मुळासकट आणून बसवायचं. चार दिस पाणी घातलं की धरतंय. साहेब गवत बघतो, खूश हुतो."

"किती माती?"

तिने कोपर वाकवून हात पुढे धरला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. "येक हात. कमी केलं तर करायचं कशाला, जास्त केलं तर दिसतंय."

"सगळ्या साक्षींना?"

"मग? येकीला सोडली तर बाकीच्या खोट्या पडतील की!"

मी तिथेच बसले. आत्या म्हणाली, "अगं, तोंड कशाला पाडतीस? साहेब मोजायला यायच्या आधीच कागदावर वजा धरून यायचा. माती फुगती म्हणायचा, कडा ढासळल्यात म्हणायचा. त्यानं काढायचं, आम्ही घालायचं. सारखंच."

सारखंच. दोन खोट्यांची बेरीज शून्य. पण साहेबाचं खोटं मोजणीच्या कागदावर होतं आणि ते कागद कधीच रद्दीत गेले. आमचं मातीत होतं. ते उभं राहिलं, त्यावर गवत वाढलं, आणि एकवीस वर्षांनी मी ते सॉफ्टवेअरमध्ये भरलं.

हिशोब सोपा होता. माथे एक हात उंच, म्हणजे भूतोलची मूळ जमीन एक हात उंच, म्हणजे तिच्यापासून ७.८० मीटर खाली मोजलेला खडकही एक हात उंच. पोकलेन त्या खोट्या खडकाशी थांबली होती. खाली आणखी पंचेचाळीस सेंटिमीटर काय होतं, कुणीच पाहिलं नव्हतं. आणि भूतोलला शंका येणंच शक्य नव्हतं. एकच साक्ष खोटी असती तर ती वेगळी पडली असती. इथे अकराजणी एकाच मापाने खोटं बोलत होत्या. यंत्राला खरेपणा ओळखता येत नाही. त्याला एकमत ओळखता येतं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता चरीत भराव सुरू होणार होता.

*

शार्दूल बेलसरे आमच्या मॉडेल विभागाचे प्रमुख. साइटवरच्या गार केबिनमध्ये त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते नेहमीच सगळं ऐकून घेतात.

"भागीरथी, तू हुशार आहेस, म्हणून विचारतो. सहा वर्षांच्या मुलीची आठवण हा डेटा आहे का?"

"मल्लव्वा आत्याने स्वतः केलंय ते."

"पासष्ट वर्षांच्या बाईने फेट्यावरून केलेला विनोद. हाही डेटा नाही." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "अकरा साक्षी, फरक दोन सेंटिमीटर. खोटं बोलणारी माणसं इतकी एकसारखी बोलत नाहीत."

"बोलतात सर. सवयीने बोलतात."

"शिवाय बकेटच्या सेन्सरला तळ कठीण लागलाय. दोन स्वतंत्र पुरावे आहेत."

"एक चाचणी खड्डा घेऊ. एक मीटरचा. अर्धा दिवस लागेल."

"आणि खड्डा घेतला असं दिसलं, तर पुढच्या चाळीस साइटवर लोक खड्डे मागतील. खड्डे लागत नाहीत, म्हणूनच भूतोल विकलं जातं ना?" ते हसले. "आक्षेपाचा फॉर्म आहे. भर."

मी भरला. 'त्रुटीचा उगम' या रकान्यात चार पर्याय होते: उपकरण, हवामान, मानवी खोडसाळपणा, इतर. तिसरा निवडला की काम तत्काळ थांबतं, पण लगेच पुढचा रकाना उघडतो: व्यक्तीचे पूर्ण नाव. खाली बारीक अक्षरांत, 'ही माहिती विधी विभागास व पोलिसांस आपोआप पाठवली जाईल.' चौथा निवडला तर आक्षेप रांगेत जातो. नऊ कामाचे दिवस.

वजावट धरून येणाऱ्या साहेबासाठी पर्याय नव्हता. ज्या पद्धतीत खोदणाऱ्याला पोट भरायला साक्षीला पागोटं बांधावं लागतं, त्या पद्धतीसाठी पर्याय नव्हता. ज्याने खड्डे बंद करणारा नियम लिहिला, त्याच्यासाठीही नव्हता. फॉर्म बनवणाऱ्याला जगात एकच गुन्हेगार ठाऊक होता, आणि तो मातीत उभा होता.

मी 'इतर' निवडलं.

मग काझी साहेबांना फोन केला. ते या कामावरचे सरकारी उपअभियंता, निवृत्तीला वर्ष उरलेलं.

"तळाच्या मंजुरीवर आता माझी सही लागत नाही, बेटा," ते म्हणाले. "सॉफ्टवेअरच करतं सही. पण डोळ्यांना दिसणारा पुरावा समोर आला, तर काम थांबवायचा अधिकार अजून काढून घेतलेला नाही माझ्याकडून. विसरलेत बहुतेक. काहीतरी दाखव मला."

*

बुधवारी संध्याकाळी घरी गेले. फेटा खुंटीवर होता, आप्पा त्याच्या खाली बसून चहा पीत होते.

"आप्पा, उद्या मला साक्ष तोडायची आहे. मधून उभी चिरायची. आत जुन्या गवताची रेघ दिसेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "मल्लव्वा बोलली व्हय?"

"मला आठवलं. तांब्या आठवला."

आमची घरची बोली वेगळी आहे आणि तिच्यात भांडायला शब्द कमी नाहीत. पण आप्पा खरे चिडले की मराठीत बोलतात. ती त्यांची साहेबाशी बोलायची भाषा.

"मोजणी हुईस्तवर साक्षीला हात लावायचा नसतो."

"मोजणी झाली. चुकली. मीच चुकवली."

"मग तू निस्तर. माझ्या साक्षीला कशाला चिरतीस?"

"कारण दुसरं काही मानायला ते तयार नाहीत!"

"माझ्या आज्याला पोलीस पाटलाकडं रोज हजेरी लागायची," आप्पा म्हणाले. "गावात कोंबडी हरवली तरी आमची पालं उचकटायचे. चोर म्हनायचे. मी चाळीस वर्सं माती खोदली, त्यो शब्द खाली पुरला. आता माझीच लेक उकरून काढनार, आन् समद्यांम्होरं?"

"मी चोर लिहिलेलं नाही. तो रकाना मी भरला नाही. 'इतर' लिहिलं."

"इतर!" ते ओरडले. "जल्मभर इतरच हावोत आपन!"

मीही ओरडले. म्हणाले, खाली तीनशे बारा घरं आहेत. म्हणाले, आजवर तलाव कधी धड भरलाच नाही म्हणून बांध टिकला. चार मीटर पाणी वाढलं की तळाशी दर चौरस मीटरला चार टन जादा दाब येणार, आणि पाणी कुणाचं नाव विचारून घुसत नाही. म्हणाले, तुम्हाला फलक हवा आहे, वस्ती नको.

हे शेवटचं बोलायला नको होतं.

आप्पांनी चहाचा कप दूर सारला. मग म्हणाले, "मोजनारा रोज लबाडी करायचा. त्याला कुनी इचारलं?"

"नाही विचारलं."

"मग मला का इचारतीस?"

"कारण त्याची लबाडी संपली, आप्पा. तुमची अजून उभी आहे."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पहार उचलली आणि मावशीकडे जाऊन झोपले.

*

गुरुवारी साडेआठला मी सातव्या साक्षीपाशी पोचले. ती चरीच्या सगळ्यात जवळची. भरावाची यंत्रं ओळीने उभी होती, पाणी मारलेल्या चिकण मातीचे ढीग तयार होते. काझी साहेब छत्री घेऊन आले. त्यांच्यामागे बेलसरेंची गाडी.

"भागीरथी, हा संरक्षित आधारबिंदू आहे," बेलसरे गाडीतूनच म्हणाले. "हात लावलास तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होईल. नोकरीचं तर बोलतच नाही."

मी पहार उचलली. या माणसाला खाली काय आहे हे कळून घ्यायचंच नव्हतं. अज्ञानाचा मला राग येत नाही, विज्ञान तिथूनच सुरू होतं. पण जाणून घ्यायला अर्धा दिवस पुरत असताना नको म्हणणाऱ्याचा येतो.

"भागे! हितं नको."

आप्पा येत होते. डोक्याला फेटा नाही, अंगात कामाची बनियन, खांद्यावर कुदळ. मागून मल्लव्वा आत्या, आणि तिच्यामागे वस्तीतली वीस-पंचवीस माणसं.

"ही मल्लव्वाची हाय," आप्पा म्हणाले. "माझी चौथी. ज्याची त्यानं तोडायची."

ते चौथ्या साक्षीकडे गेले. फलकाला वळसा घातला, वाचला नाही. माथ्यावर बोटं टेकवून हात खाली सोडला, कोपर जिथे आलं तिथे नखाने खूण केली. मग कुदळीने बाजूची माती उभी सोलायला लागले. हलके घाव, एकाखाली एक, भिंत तासावी तसे. वीतभर आत गेल्यावर थांबले, हाताने माती पुसली आणि बाजूला झाले.

खुणेच्या बरोबर पातळीला बोटभर जाडीची काळी आडवी रेघ होती. तिच्यात कुजून दोऱ्यासारख्या झालेल्या मुळ्या. एकवीस वर्षांपूर्वीची जमीन. तिच्यावर एकसारख्या रंगाची, थराथराने ठोकलेली माती, आणि वर हिरवं गवत.

काझी साहेबांनी टेप लावली. "सेहेचाळीस."

"एका साक्षीवरून..." बेलसरेंनी सुरुवात केली.

"थांबा की सायेब," मल्लव्वा आत्या म्हणाली. "माझी राहिलीया. माझी बघून तरी लाजा."

तिची चव्वेचाळीस निघाली. तासाभरात अकराही साक्षी सोलून झाल्या. सगळ्यात कमी चव्वेचाळीस, सगळ्यात जास्त सेहेचाळीस, सरासरी पंचेचाळीस. इतकं नेमकं काम मी कुठल्या प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही.

"ठीक आहे," बेलसरे म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला होता. "पण तळ कठीण आहे. सेन्सर खोटं बोलत नाही."

"मग खोदून बघू," काझी साहेब म्हणाले.

"मॉडेलच्या तळाखाली पोकलेन जात नाही. कुलूप असतं. उघडायला मुख्यालयाची परवानगी लागते."

"हाताने खोदायला कुठल्या नियमात बंदी आहे? दाखवा मला."

बेलसरेंनी फोन काढला, बराच वेळ शोधलं. वस्तीची माणसं तोवर शिडी लावून चरीत उतरलीसुद्धा होती.

तळावर आप्पांनी पहिली पहार मारली. कठीण आवाज आला. वर बेलसरे म्हणाले, "ऐकलंत?" आप्पांनी मान हलवली. "ऐकलं. पोकळ हाय." पाच-सहा घावांत वरचा थर ढलप्यांनी सुटला. चुनखडीचा थर होता, सिमेंटसारखा घट्ट, जेमतेम बारा सेंटिमीटर जाड. बकेटला तोच खडक वाटला होता. त्याच्याखाली वाळू होती. ओली. आम्ही बघत असतानाच तिच्यातून पाणी पाझरायला लागलं. खड्ड्याच्या तलावाकडच्या कडेने येत होतं आणि बांधाकडच्या कडेत शिरत होतं. म्हणजे वस्तीकडे.

आप्पा त्या पाण्याकडे बघत राहिले. मग पुन्हा पहार मारायला लागले, आता कुणावर तरी सूड उगवावा तशी. वाळू संपली तेव्हा आवाज वेगळाच आला, पायातून वर चढणारा.

"ह्यो खडक," आप्पा म्हणाले.

काझी साहेबांनी खाली उतरून टेप सोडली. "पंचेचाळीस." मग वर बघून ओरडले, "काम बंद! सगळी यंत्रं मागे घ्या!"

*

शनिवारी कंपनीचं निवेदन आलं. 'भूतोलच्या स्वयंशोधन प्रणालीने आधारबिंदूंमधील ऐतिहासिक विसंगती वेळीच ओळखली व संभाव्य धोका टळला.' चौथ्या साक्षीजवळचा फलक त्याच सकाळी काढून नेला होता.

मी बेलसरेंना फोन केला. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

"तुझ्या वडिलांचं नाव वाचवलंय मी," ते शांतपणे म्हणाले. "केस नाही, चौकशी नाही. कुठेच उल्लेख नाही. खरं तर तू आभार मानायला हवेस. बाय द वे, सोमवारपासून तुझं लॉगिन बंद आहे."

घरी येऊन मी ते निवेदन आप्पांना वाचून दाखवलं. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. मल्लव्वा आत्या उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "बरं झालं. सुटलो."

आप्पा म्हणाले, "म्हंजी आमी काय केलंच न्हाई?"

"तसं लिहिलंय."

"साक्ष कुनी फोडली मग?"

"सॉफ्टवेअरने."

"त्याला हात हाईत?" ते उठून उभे राहिले. "चोरी आमची. कबुलीबी आमची. तळाला उतरून खडक दावला त्योबी आमीच. चोर म्हना, चालंल. पन आमचं कायबी नव्हतं म्हनत्यात? येवढं बी घिऊन जात्यात?"

आजवर त्यांना कुणावर इतकं उघड चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. सोमवार उजाडायचा होता. दुरुस्त खोली भूतोलमध्ये भरायचं काम नियमाने अजून माझ्याकडेच होतं, आणि प्रत्येक आधारबिंदूला टिपेचा एक रकाना असतो. तो कुणी वाचत नाही, पण एकदा भरला की पुसता येत नाही. जिथे जिथे हे मॉडेल जाईल, तिथे तो सोबत जातो.

"सांगा आप्पा. पहिली कुणाची?"

"पैली हुसनप्पाची. वारला त्यो."

"तरी लिहिते. दुसरी?"

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. तिसरी त्यांच्या मोठ्या भावाची. सातवी मल्लव्वा धोत्रे, आत्या म्हणाली, "लिव्ह, लिव्ह, आता कोन मला काय करतंय." आठवीवर दोघांचं भांडण झालं, शेवटी दोन नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य: यांनी वाढवली, यांनी किंवा यांच्या माणसांनी तोडली. चौथी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

"तुमची. काय लिहू?"

"नाव लिही. पुरं. तिमाप्पा दुर्गप्पा विटकर."

"आणि माप?"

"येक हात."

"हात चालत नाही, आप्पा. सेंटिमीटरमध्ये लागतं."

"मग तसं लिही. पन खाली लिही, हात कुनाचा त्यो."

त्यांनी बाही वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मी टेप काढली. कोपरावर एक टोक धरलं, मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ओढलं.

सेहेचाळीस.